२ जुलै: मिकू लॉस एंजेलिसला, जागरण नाशकात

सान्क्यू_३९
१२ जून २०११, रात्री ११:४८

नाशकात हात्सुने मिकू ऐकणारी माणसं मोजायला दोन हातांची बोटं पुरतात. त्यातली तीन माझ्याच घरातली: मी, धाकटा भाऊ आणि आई. आईचा नाइलाज आहे, भिंत पातळ आहे. तरी धागा काढतोय, कारण आता पोटात मावेना.

२ जुलैला, शनिवारी, मिकूचा अमेरिकेतला पहिला कार्यक्रम आहे. लॉस एंजेलिसला १ ते ४ जुलै अ‍ॅनिमे एक्स्पो हे जपानी कार्टूनप्रेमींचं संमेलन भरतंय, त्यात. कार्यक्रमाचं नाव 'मिकुनोपोलिस', जागा नोकिया थिएटर, सात हजारांवर खुर्च्या. आपलं कालिदास कलामंदिर त्यात किती वेळा मावेल ते तुम्हीच बघा.

नवीन मंडळींसाठी थोडक्यात. मिकू माणूस नाही. साप्पोरोच्या क्रिप्टन फ्यूचर मीडियाने ३१ ऑगस्ट २००७ ला विकायला काढलेलं ते एक सॉफ्टवेअर आहे. आत यामाहाचं व्होकॅलॉइड २ हे गाणं घडवणारं तंत्र, आवाजाचा कच्चा माल फुजिता साकी या अभिनेत्रीचा, खोक्यावरचं चित्र केई नावाच्या चित्रकाराचं. वय १६, उंची १५८ सेंटिमीटर, गुडघ्याखाली जाणाऱ्या दोन हिरव्यानिळ्या शेपट्या. तुम्ही सूर आणि शब्द द्यायचे, ती गाते. क्रिप्टनने गाणी दिलीच नाहीत, ती लोकांनी केली. कुणी ऑफिसातून घरी आल्यावर, कुणी परीक्षेच्या आदल्या रात्री. आता अशा गाण्यांचे अल्बम निघतात. गेल्या वर्षी मे महिन्यात त्यातला एक ओरिकॉनच्या, म्हणजे जपानातल्या खपाच्या, साप्ताहिक यादीत थेट पहिला आला.

९ मार्च २०१० चा झेप टोकियो या सभागृहातला कार्यक्रम मी व्हिडिओवर पहिल्यांदा पाहिला तेव्हा हसलो होतो. अडीच-तीन हजार माणसं एका चित्राकडे बघून उजेडाच्या काड्या हलवतायत, ह्यांना कामं नाहीत का! दुसऱ्यांदा मित्राला दाखवायला लावला. तिसऱ्यांदा एकटाच बसलो होतो आणि पाय हलतोय हे आईने दाखवून दिलं.

तर प्रश्न दोन. तिकडे कुणी जाणार आहे का? आणि इकडे आपण काय करायचं? लॉस एंजेलिस आपल्यामागे साडेबारा तास. तिथली शनिवारची दुपार-संध्याकाळ म्हणजे आपली रविवारची पहाट. माझ्याकडे रात्री दोन ते सकाळी आठ अनलिमिटेडवालं कनेक्शन आहे. योगायोगाला योगायोगच म्हणायचं.

ओझरची_अबोली
१३ जून २०११, सकाळी ७:२०

अरे देवा, नाशकात आणखी कुणी आहे!! मला वाटायचं मी एकटीच. बसमध्ये इअरफोन लावून बसते आणि शेजारच्या काकूंनी 'काय ऐकतेस गं' विचारलं की 'अभ्यास' सांगते. ते खोटंही नाही, डिसेंबरात पुण्याला जपानीची परीक्षा द्यायची आहे.

नावाचा अर्थ राहिला की. 'हात्सु' म्हणजे पहिला, 'ने' म्हणजे ध्वनी, 'मिकु' हे 'मिराई'वरून, म्हणजे भविष्य. भविष्यातून आलेला पहिला आवाज. आणि त्यातला 'त्सु' उच्चारायला मराठी माणसाला शिकवणी लागत नाही. 'चमचा'तला च आठवा, झालं. इंग्रजी मीडियमच्या मैत्रिणी 'हॅटसून' म्हणतात तेव्हा डोकं फिरतं.

शिवाय 'मि' म्हणजे तीन आणि 'कु' म्हणजे नऊ. म्हणून ९ मार्च हा मिकूचा दिवस. ३९ 'सान-क्यू' असंही वाचता येतं, म्हणजे थँक्यू. धागाकर्त्याच्या आयडीचं रहस्य मी फोडलं, माफी असावी.

अनुस्वार
१३ जून २०११, सकाळी ९:०५

विषयातलं काही कळत नाही, पण मिकु की मिकू हे एकदा ठरवा. मराठीत शब्दाच्या शेवटचा उकार दीर्घ. मिकू.

ओझरची_अबोली
१३ जून २०११, सकाळी ९:३१

जपानीत तो ऱ्हस्वच आहे हो काका.

अनुस्वार
१३ जून २०११, सकाळी ९:३३

जपानीत असेल. तुम्ही लिहिताय मराठीत.

नाट्यवेडा
१३ जून २०११, दुपारी ४:१२

धागा वाचला, तो टोकियोचा व्हिडिओ नातवाकडून लावून घेऊन पाहिला. स्पष्ट बोलतो, राग मानू नका.

मी संगीत नाटकांवर वाढलेला माणूस. वडिलांनी बालगंधर्वांना प्रत्यक्ष ऐकलं होतं, त्या गोष्टी ऐकत मोठा झालो. नाटकात पद संपलं की प्रेक्षागृहातून 'वन्स मोअर' यायचा. नट थांबायचा, तबलजीकडे बघायचा आणि तेच पद पुन्हा, पण वेगळ्या जागा घेत. कधी तीनदा, कधी चारदा. त्या रात्री त्या गावात जे झालं ते दुसऱ्या रात्री होत नसे. म्हणून तर लोक बैलगाडीने यायचे.

तुमच्या या मुलीला वन्स मोअर दिला तर ती काय करील? काहीच नाही. तिला ऐकूच जात नाही. सात हजार लोक असोत की सात, ती तशीच हसेल, तशीच मान वेळावेल. मग तिकीट काढून तिथे बसायचं कशाला? घरी पडद्यावर बघा. बाहुलीचा खेळ मला वर्ज्य नाही, पण कळसूत्री बाहुलीमागे त्या क्षणी कुणाची तरी बोटं असतात. इथे कुणाची आहेत?

सिडको_साउंड
१३ जून २०११, रात्री १०:५०

काका, तुमचा मुद्दा बरोबर आहे आणि आमच्या धंद्यातला आहे म्हणून लिहितो. मी लग्न, गणपती, गॅदरिंगला साउंड आणि प्रोजेक्टर भाड्याने देतो.

आधी एक गैरसमज. सगळे होलोग्राम होलोग्राम करतात, पण तो होलोग्राम नाही. स्टेजवर बारीक धुरकट, पण आरपार दिसणारा पडदा उभा असतो आणि मागून त्यावर प्रोजेक्टर मारतात. सगळी गंमत काळ्या रंगात आहे. प्रोजेक्टरच्या लेखी काळं म्हणजे उजेडच नाही. चित्रात मिकूच्या आजूबाजूला काळं ठेवलं की तेवढ्या भागात पडद्यावर काही पडत नाही, मागचा अंधार दिसतो, आणि ती हवेत उभी राहिल्यासारखी वाटते. बाजूच्या खुर्च्यांवरून ती चपटी दिसणार, त्याला इलाज नाही.

जत्रेत धड नसलेली बाई दाखवतात ती वेगळी, तिथे आरसा असतो. लंडनमध्ये १८६२ साली पेपर नावाच्या गृहस्थाने तिरक्या काचेत भूत दाखवलं होतं, तो त्याच घराण्यातला प्रकार. मिकूला काच लागत नाही.

आता वन्स मोअर. बँड खरा असतो. ड्रम, गिटार, बेस, कीबोर्ड, सगळी जितीजागती माणसं. पण मिकूचं नाचणं-गाणं आधीच तयार असल्यामुळे त्यांच्या कानात टिकटिक चालू असते आणि त्यावरच वाजवावं लागतं. नेहमी साथीदार गायकासाठी थांबतो, इथे गायिका कुणासाठी थांबत नाही. ड्रमवाल्याचा एक ठोका मागे पडला तर ती पुढे निघून गेली. मी वीस वर्षांत असे काही गायक बघितलेत जे साथीदारांचं ऐकत नाहीत, पण इतकी पक्की कुणी नाही!

तेव्हा तिकीट काढायचं ते त्या चार-पाच वादकांसाठी काढा. सर्कशीत दोरीवर चालणाऱ्याचं काढतो तसं.

पातीचा_कांदा
१४ जून २०११, सकाळी ६:१०

राम राम. मी लासलगावजवळचा. माझा आयडी वाचून कुणी काही विचारत नाही म्हणून स्वतःच सांगतो.

मिकूच्या हातात बऱ्याच चित्रांत एक हिरवी-पांढरी काठी असते. ती काठी नाही, कांद्याची पात आहे. सप्टेंबर २००७ मध्ये एका फिनिश लोकगीतावर कुणीतरी छोटासा व्हिडिओ केला, त्यात ती पात हलवत गाते. कंपनीच्या खोक्यावर पात नव्हती. लोकांनी हातात दिली आणि ती तिच्याकडेच राहिली. माझ्या चुलतभावाने मला हा व्हिडिओ 'बघ, जपानमध्ये आपल्या मालाची जाहिरात' म्हणून पाठवला होता. तिथून मी अडकलो.

अमेरिकेतली पोरं तिला लीक, म्हणजे तिकडची जाड पात, म्हणतात, ते चूक. ती नेगी, जपानी पात. आपल्या पातीला खाली कांदा धरतो, नेगीला धरत नाही. तिचा पांढरा दांडा लांब व्हावा म्हणून जपानी शेतकरी माती चढवत जातात, ऊन लागू देत नाहीत. आपण बटाट्याला भर देतो तसं. हे मी शोधून वाचलं, कारण एवढं लांब पांढरं कसं काढतात ते कळेना.

डिसेंबरात निर्यातबंदी लागली आणि फेब्रुवारीत उठेपर्यंत भाव पार झोपला. त्या महिन्यात ट्रॅक्टर लावून रांगेत बसायचो आणि मोबाइलवर तो पातीचा व्हिडिओ बघायचो. शेजारचे तात्या म्हणाले, ही पोरगी काय एवढी खूश आहे पात घेऊन? म्हटलं तात्या, तिला भाव माहीत नाही.

२ तारखेला मी नाशकात येऊ शकतो. कुठे जमायचं सांगा.

सान्क्यू_३९
१४ जून २०११, रात्री ११:१५

@पातीचा_कांदा दादा, कीबोर्डवर चहा सांडला.

@नाट्यवेडा काका, रागावायचं काय त्यात. उलट या धाग्यावर तुमच्याइतका विचार कुणी केलेला नाही. पण दोन गोष्टी.

बालगंधर्वांचं बाईपण खरं नव्हतं. शेवटच्या रांगेतल्या माणसालाही ते माहीत होतं, तरी बायका त्यांच्यासारखं नेसायला शिकल्या. आपल्या त्र्यंबकच्या दादासाहेब फाळक्यांनी १९१३ साली पहिला चित्रपट काढला, त्यात राणीचं काम करायला बाई मिळेना, तर साळुंके नावाच्या पुरुषाने केलं. पुढे पडद्यावर बाया आल्या आणि मग त्यांचा आवाजच दुसऱ्या कुणाचा तरी असायला लागला. आपण वर्षानुवर्षं एकीचा चेहरा बघत दुसरीचं गाणं ऐकतोय. मिकूच्या बाबतीत फक्त चेहराही कुणाचा नाही, एवढाच फरक.

आणि बोटं कुणाची विचारलंत ना? ती शोधायला फार लांब जावं लागत नाही. ज्याने गाणं केलं तो बहुतेक वेळा प्रेक्षकांतच बसलेला असतो. जपानी लोक अशांच्या नावापुढे 'पी' लावतात, प्रोड्यूसरचा पी. ज्या पोराने दोन वर्षांपूर्वी रात्री जागून ओळ लिहिली, त्याच्या आजूबाजूला अडीच हजार माणसं ती ओळ म्हणतायत आणि शेजारच्याला पत्ता नाही की ही याची आहे. मला त्याच्या जागी बसायचंय. मिकूच्या जागी कोण बसणार!

नाट्यवेडा
१५ जून २०११, सकाळी ११:४०

फाळक्यांचा दाखला नाशिककराने नाशिककराला द्यायचा म्हणजे तोंड बंद करणंच झालं. ठीक.

पण पार्श्वगायनाचं उदाहरण तुमच्यावरच उलटतं. तिथे गाणारी बाई कोण हे सगळ्या जगाला ठाऊक असतं, नाव घेऊन लोक वेडे होतात. या फुजिताबाईंचं नाव तिथे किती जण घेतात? आवाज तिचा, टाळ्या चित्राला.

ओझरची_अबोली
१५ जून २०११, दुपारी १:०२

घेतात काका, तिच्या मुलाखती येतात, चाहते तिलाही ओळखतात. पण तिने ही गाणी गायलेली नाहीत हेही खरं. तिने स्टुडिओत बसून अक्षरांच्या जोड्या म्हटल्या, अर्थ नसलेल्या, वेगवेगळ्या उंचीवर. सॉफ्टवेअर त्या तुकड्यांना सांधतं. म्हणजे तिने बाराखडी दिली, निबंध लोकांनी लिहिले.

नाट्यवेडा
१५ जून २०११, दुपारी १:२०

बाराखडी देणारा गुरू झाला की मग. गुरुपौर्णिमा जवळच आहे.

सॅन_होजेचा_नाशिककर
१६ जून २०११, सकाळी १०:३०

नमस्कार मंडळी. मूळचा गंगापूर रोडचा, सध्या मुक्काम सॅन होजे. हळूच सांगतो, माझ्याकडे तिकीट आहे.

बसा, पाणी प्या.

संमेलनाचा पास आधीच काढला होता, मिकूचं तिकीट नंतर. बायकोला 'एलएला कॉन्फरन्स आहे' इतकंच सांगितलं होतं. परवा टीव्हीवर टोयोटा कोरोलाची जाहिरात लागली, त्यात मिकू, आणि मी मोठ्याने ओरडलो. तिथे बिंग फुटलं. आता ती पण येतेय, म्हणते बघू तरी कुठल्या बाईसाठी सहा तास गाडी हाणतोयस.

तयारी अशी: उजेडाच्या काड्या घेतल्यात. मिकूला हिरवट-निळी, तिच्यासारख्याच क्रिप्टनच्या लुकाला गुलाबी, रिन-लेनला पिवळी. कोण पडद्यावर आलं की कोणती काढायची याचा सराव चालू आहे. कडकन मोडल्याशिवाय पेटत नाहीत आणि एकदा पेटल्या की विझत नाहीत, म्हणून आधीच पेटवायच्या नाहीत. सगळी खबर इथे टाकीन. व्हिडिओ काढू देतील असं वाटत नाही, आणि दिलं तरी मी काढणार नाही. हात काड्यांनी भरलेले असणार.

वाचनमात्र
१६ जून २०११, सकाळी १०:४४

सहा वर्षं या संस्थळावर आहे, पहिला प्रतिसाद. जळलो.

सान्क्यू_३९
१९ जून २०११, रात्री १:५०

झोप नाही, म्हणून आजचा पराक्रम लिहितो. अबोलीच्या मामांनी जपानहून येताना मिकूचं खोकं आणलंय, खरंखुरं, १५,७५० येनचं, म्हणजे आपले आठ-नऊ हजार. ती मोठ्या मनाने लॅपटॉपसकट आमच्या घरी घेऊन आली. आम्ही ठरवलं मिकूला मराठी गायला लावायचं.

पियानोच्या पट्ट्या आडव्या टाकल्यासारखा पडदा असतो. त्यावर प्रत्येक स्वरासाठी एक ठोकळा काढायचा आणि ठोकळ्यात एक जपानी अक्षर भरायचं. भावाने ओळ दिली: 'गोदाकाठी पाऊस आला'. साधी सोपी, निदान आम्हाला वाटली.

जपानीत ठ नाही. ल नाही. ट, ड, ण, ळ काहीच नाही. शेवटी पाय मोडायचा तर फक्त 'न'चा मोडता येतो, बाकी प्रत्येक अक्षराला स्वर लागतोच. ऐकू आलं ते असं: 'गोदाकाती पाउसु आरा'.

आई आतून म्हणाली, 'कोण आजारी आहे?'

मग तीन तास त्या एका 'सु'वर घालवले. अबोलीने ठोकळा इतका आखूड केला की 'उ' निघायच्या आतच आवाज संपतो. मग आवाजाची उंची तिथे जराशी पाडली. अकराव्या की बाराव्या खेपेला 'पाऊस' आलं. स्वच्छ, शेवटी नुसता स. आम्ही तिघांनी एकमेकांकडे बघितलं. भावाने परत लावलं. परत. बाहेर खरंच पडत होता, पण खिडकी उघडायचं कुणाला सुचलं नाही.

'आला'चा 'आरा' काही सुटला नाही. आमच्या गल्लीत एक दोन वर्षांची मुलगी आहे, ती असंच बोलते. 'नाशिक' मात्र एकदम जमलं. 'नाशिकु'. शेवटचा 'कु' आम्ही आखूड केलाच नाही, तो तिचाच आहे.

अनुस्वार
१९ जून २०११, सकाळी ८:१५

नाशिकू.

सिडको_साउंड
२६ जून २०११, रात्री ११:३०

मंडळी, जागा माझं गोडाऊन. आणि आज एक प्रयोग केला, त्याचा वृत्तांत.

विचार असा की २ तारखेच्या रात्री इथून लॉस एंजेलिस दिसणार नाही, खरे व्हिडिओ वर यायला वेळ लागेल. तोवर काय एकमेकांची तोंडं बघायची? तर आपली मिकू आपण उभी करू. सान्क्यूच्या भावाने मिकूमिकूडान्स या फुकट प्रोग्रॅमवर तिचा नाच काळ्या पार्श्वभूमीवर करून दिलाय. लग्नाचा प्रोजेक्टर आहे. प्रश्न फक्त पडद्याचा.

पहिला प्रयत्न मच्छरदाणी. निम्मा उजेड जाळीवर थांबला, निम्मा आरपार जाऊन समोर बसलेल्यांवर पडला. मिकू जाळीवर अंधूक आणि माझ्या दोन पोरांच्या तोंडावर झकास नाचली. धाकट्याच्या शर्टावर तिची शेपटी.

दुसरा प्रयत्न लग्नाचं पांढरं नेट, दोन पदर. तेच, थोडं कमी.

तिसऱ्याला पातीवाल्या दादांचा फोन आला. म्हणाले, पॉलीहाऊसचा कागद बघा. त्यांच्या शेजारी ढोबळी मिरचीचं पॉलीहाऊस आहे, नवीन कागद टाकल्यावर उरलेला बारा फुटी तुकडा पडून होता. दुधी रंगाचा, उजेड आत घेतो पण पसरवतो, पिकाला एका जागी चटका बसू नये म्हणून. अरे, मला नेमकं तेच पाहिजे! जपानी लोक वापरतात तोही शेवटी अशीच एक फिल्मच आहे.

मंडपाच्या पाइपांची चौकट केली, कागद ताणला, दिवे घालवले. मिकू उभी राहिली. खोटं नाही सांगत, पाच सेकंद कुणी बोललं नाही.

मग खोड्या दिसायला लागल्या. एक, प्रोजेक्टर सरळ मागे ठेवला की त्याचा दिवाच कागदातून डोळ्यात येतो, मिकूच्या पोटात सूर्य. म्हणून तो छताला टांगला आणि तिरका खाली मारला. मग ती वर रुंद, खाली अरुंद. ते मशीनमधून सरळ करून घेतलं, पाऊण तास गेला. दोन, माझ्या मशीनचं काळं हे काळं नाही, राखाडी आहे. मिकूभोवती एक फिकट चौकोन दिसतोच. भारी मशीनला तो कमी दिसत असणार. मी पुढे दोन लाल दिवे मंद लावले, चौकोन त्यात विरघळला. तीन, कागदाला घडीच्या रेषा. नेमकी एक घडी तिच्या नाकावरून जाते, नाचताना नाक दोनदा मोडतं. बायकोचा हेअर ड्रायर मारून थोडी गेली. इस्त्री करू नका, हे वेगळं सांगायला नको. ते कसं कळलं विचारू नका.

पातीचा_कांदा
२७ जून २०११, सकाळी ५:५५

दुसरा तुकडा आणतो.

नाट्यवेडा
२७ जून २०११, सकाळी १०:००

जागरण या वयात झेपणार नाही. पण त्या वादकांच्या कानातल्या टिकटिकीवर विचार करतोय. आमच्या वेळचा तबलजी असता तर पहिल्याच पदाला ती डबी कानातून काढून फेकली असती. मग ती मुलगी पुढे, हा मागे. ते मात्र मला बघायला आवडलं असतं.

सान्क्यू_३९
१ जुलै २०११, रात्री ९:४०

उद्याचं ठरलं ते असं. रात्री साडेदहाला सिडको, गोडाऊनवर. जेवून या. आई शेव-चिवडा देतेय आणि तिने विचारलंय की 'त्या मुलीचं' आहे तरी कितीला. लोडशेडिंग रात्री नसतं, तरी पावसाचा भरवसा नाही, म्हणून साउंडदादांचा जनरेटर. आधी झेप टोकियोची डिस्क पूर्ण, मग आपली पॉलीहाऊस-मिकू, 'नाशिकु'सकट. दोननंतर नेट मोकळं, तेव्हापासून सॅन होजेकडे डोळे.

अबोलीचे वडील तिला सोडायला आणि न्यायला येणार आहेत. त्यांनी विचारलं, कार्यक्रम किती वाजता संपेल? म्हटलं काका, कार्यक्रम इथे नाहीये. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, मी पण बसतो.

ओझरची_अबोली
१ जुलै २०११, रात्री १०:०५

बाबांना मी आकात्सुकी यानाचं सांगितलं, म्हणून आले ते वळणावर. एचएएलमध्ये, विमानाच्या कारखान्यात, आयुष्य काढलेला माणूस, विमान-यान म्हटलं की बसलाच. मे २०१० मध्ये जपानने शुक्राकडे यान पाठवलं, त्यावरच्या अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्यांवर चाहत्यांनी मिळून पाठवलेली मिकूची चित्रं आहेत. डिसेंबरात ते शुक्राच्या कक्षेत शिरताना चुकलं आणि आता सूर्याभोवती फिरतंय. बाबा म्हणाले, म्हणजे ती पण वाट बघतेय.

सॅन_होजेचा_नाशिककर
३ जुलै २०११, रात्री ३:१०

रांगेतून, फोनवरून. इथे दुपारचे पावणेतीन वाजायला आलेत, ऊन मरणाचं. रांग इमारतीला वळसा घालून गेलीय, शेवट दिसत नाही. अर्ध्या पोरींच्या डोक्यावर हिरवे टोप, उन्हात घामाने भिजलेत पण कुणी काढत नाही. पोरगेही आहेत टोप घातलेले. बायको म्हणते, मला वाटलं तू एकटाच असशील.

सान्क्यू_३९
३ जुलै २०११, रात्री ३:१६

इथे नऊ जण. वाचनमात्रही आलेत, खरे आहेत! बाहेर धो धो. कागदावर मिकू आहे, नाक दुसऱ्या तुकड्यावर शाबूत आहे. अबोलीचे बाबा प्रोजेक्टरचा कोन मोजतायत. दारं कधी उघडतील?

सॅन_होजेचा_नाशिककर
३ जुलै २०११, रात्री ३:३८

रांग हलली. एकदम ओरडा झाला, मग कळलं की चारच पावलं. बॅटरी कमी आहे, आत गेल्यावर लिहिणार नाही. माझ्या पुढच्या मुलीच्या हातात पात आहे. मला वाटलं प्लास्टिकची, पण खरी आहे. दांडाभर पांढरी, सकाळी मुळाशी ओला रुमाल बांधून आणलीय म्हणाली. वास येतोय.

पातीचा_कांदा
३ जुलै २०११, रात्री ३:४०

कशी जुडी लागली विचारा तिला.